वन्संच्या खुर्च्या

शुक्रवार, १४ मार्च. लेक आणि जावई सकाळच्या गाडीने आले. पंप पुन्हा बंद, पाणी खालून भरलं. सुताराने पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाचा करकरणारा पाय ठोकून दिला. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसलो. वन्सं अर्ध्या जेवणातून उठल्या.

वहिनींच्या डायरीत त्या दिवसाचं एवढंच आहे. जे घडलं ते वहीत लिहा, जे वाटलं ते देवाला सांगा, असं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी त्यांना लहानपणी बजावलं होतं, आणि वहिनींनी ते जन्मभर पाळलं. त्यामुळे वन्सं का उठल्या हे त्यात नाही. ते सांगायचं तर आधी वन्संबद्दल सांगायला हवं.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेला तशा या दोघीच त्या घरात उरल्या, आणि विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात तशा नांदल्या. एकीला खिडकी उघडी हवी, दुसरीला बंद. एक म्हणायची मीठ कमी, दुसरी म्हणायची जीभ जास्त. वन्संनी लग्न केलं नव्हतं. का, असं कोणी विचारलंच तर त्या सांगत, "बघायला तिघं आले होते. तिघंही उशिरा आले." आणि हे त्या थट्टेने म्हणत नसत.

मिशनच्या शाळेत त्या शिवण शिकवत. त्या शाळेच्या हॉलमध्ये वर्षातून एका शनिवारी परदेशी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा व्हायची. शनिवारी यायला कोणी शिक्षक तयार होईना, तेव्हा मुख्याध्यापिकेने ते काम शिवणबाईंच्या गळ्यात घातलं. गळ्यात पडलेली गोष्ट वन्सं दागिन्यासारखी मिरवत. त्यांनी खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरीच्या टोप्या शिवल्या, म्हणजे सरकवताना आवाज नको. हॉलमधलं टिकटिक करणारं घड्याळ काढून स्वतःच्या पैशाने मुकं घड्याळ लावलं. पुढे शाळेच्या खुर्च्या डुगडुगायला लागल्या तेव्हा सुताराकडून नव्या करून घेतल्या, त्याही स्वतःच्याच पैशाने. परीक्षेच्या दिवशी त्या हॉलमध्ये माशीसुद्धा परवानगी काढून बसायची.

पण माशा येत, उमेदवार येत नसत. देश छोटा, शहर त्याहून लहान, परीक्षा परक्या भाषेत. खरोखर बाहेर जाऊ पाहणारे वर्षाला चार-पाच. आणि परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा नियम असा, की वीसच्या खाली माणसं बसली तर पुढच्या वर्षी केंद्र बंद. मग त्या चार-पाच जणांनी राजधानीला जायचं: रात्रभराचा प्रवास, अनोळखी खोली, आणि तांबारलेले डोळे घेऊन पेपर.

वन्संनी दोन दिवस खुर्च्या मोजल्या. तिसऱ्या दिवशी वहिनींना म्हणाल्या, "शनिवारी काय करताय?"

"कपडे धुतेय."

"रविवारी धुवा. शनिवारी परीक्षेला बसा."

"मी? काय येतं मला त्यातलं?"

"बसता येतं ना? तेवढंच हवंय."

असं ते सुरू झालं. वहिनी बसल्या, वहिनींचे यजमान बसले, शाळेची स्वयंपाकीण बसली, सुतार बसला, लाँड्रीवाल्या दोघी बहिणी बसल्या. फीचा प्रश्न नव्हता. एक प्रतिष्ठान गरजू उमेदवारांसाठी फीमाफीची कुपनं पाठवायचं. हे सगळे गरजू होतेच. त्यांना परीक्षेची गरज नव्हती, एवढंच. वन्संच्या अटी तीन: बोलायचं नाही, मधेच उठायचं नाही, आणि उत्तराचे गोल नीटनेटके काळे करायचे, कुठले का असेनात. बदल्यात सकाळी चहा आणि संपल्यावर अंडी-पाव. स्वयंपाकीण सगळीकडे तिसरा गोल काळा करी आणि उरलेला वेळ डोळे मिटून बसे. सुतार फरशी बसवावी तशी तिरप्या ओळींची नक्षी काढी. वहिनी शब्दांचा भाग मन लावून सोडवत आणि गणित आलं की खिडकीबाहेर बघत. यजमान घोरत. म्हणून त्यांना मागची भिंतीकडची खुर्ची होती, आणि त्यांच्यामागे वन्सं पट्टी घेऊन उभ्या.

अशा भरलेल्या खुर्च्यांमध्ये ते चार-पाच जण शांतपणे आपला पेपर लिहीत. गाव वन्संना खुर्चीबाई म्हणू लागलं. तोंडावर नाही.

त्या चार-पाच जणांत एका वर्षी वहिनींची लेकही होती. तिच्या मागे सुतार, डावीकडे स्वयंपाकीण, मागे भिंतीला बाप. तिला चांगले गुण पडले, ती बाहेर गेली, शिकली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिने हा जावई शोधला.

जावई प्रोफेसर. 'जामाता दशमो ग्रहः' असं जुने लोक म्हणत. पण ते ग्रह निदान तापट असत, त्यांचं काहीतरी बिनसे, रुसत, मग मनवता येत. हा तसला नव्हता. याचा आवाज कधी चढत नसे. ज्याचा आवाज चढत नाही त्याच्यासमोर दुसऱ्याचा चढतो, आणि मग दुसराच उद्धट ठरतो. सासूने काहीही वाढलं तरी तो एक घास घेऊन "इंटरेस्टिंग" म्हणायचा. वहिनींनी एकदा त्याला साधा उकडलेला बटाटा वाढला होता. तोही इंटरेस्टिंग निघाला.

तर त्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणात, जावयाने सांगितलं की तो एक अहवाल लिहितोय. तेच ते कुपनंवालं प्रतिष्ठान. त्यांनी त्याला विचारलंय, की पैसा कुठल्या देशांतल्या मुलांवर घालावा. त्याने सोपा मार्ग काढला होता. प्रवेशपरीक्षेत प्रत्येक देशाची सरासरी किती, ते घेतलं, वरपासून खालपर्यंत देश लावले, आणि वर शीर्षक दिलं: राष्ट्रांची बौद्धिक क्षमता.

"आपण कितवे?" वहिनींनी विचारलं.

"खालून तिसरे." तो भात कालवत म्हणाला. "यात वैयक्तिक काही नाही, आई. मोजमाप आहे."

वन्संचा हात ताटातच थांबला. "कोणाची बुद्धी मोजलीत, जावईबापू?"

"देशाची, आत्या."

"देश बसला होता परीक्षेला?"

तो हसला. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसावं तसं. "सगळा देश कसा बसेल? थोडे लोक घेतात, त्यावरून अंदाज करतात. शितावरून भाताची परीक्षा करतोच की आपण."

"करतो," वहिनी म्हणाल्या. "पण आधी पातेलं ढवळून घेतो. तुमच्याकडे कोणी ढवळलं?"

"इंटरेस्टिंग," जावई म्हणाला.

मग त्याने पुढचं सांगितलं, तेही त्याच आवाजात. अहवाल सोमवारी जाणार. तळाच्या दहा देशांतली मदत थांबवून ती वरच्यांकडे वळवावी, असं त्यात लिहिलंय. इथली कुपनं बंद होतील, केंद्राचा खर्चही.

तेव्हा वन्सं उठल्या.

स्वयंपाकघरात नळ कोरडा होता. वन्सं तरीही खरकटं ताट नळाखाली धरून उभ्या होत्या.

"सांगून टाका त्याला," वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्या आकड्यात सुताराची फरशी आहे म्हणावं. आमच्या यांचं घोरणं आहे."

"सांगितलं तर काय होईल? खोटे उमेदवार बसवले म्हणून केंद्र बंद. नाही सांगितलं तर मठ्ठ लोक म्हणून केंद्र बंद. इकडे आड, तिकडे विहीर. आणि त्या नर्सबाईंचं काय? त्या यंदा बसायच्यात."

सरकारी दवाखान्यातली ती नर्स. दोन मुलांची आई. रात्रपाळी करून सकाळी वन्संकडे येऊन बसायची, परकी भाषा पक्की करायला. तिला वरचं शिक्षण घेऊन परिचारिकांची शाळा काढायची होती. राजधानीला जाऊन परीक्षा द्यायला तिला रजाही नव्हती आणि मुलांना सांभाळायला माणूसही नव्हतं.

"जावई आहे तो," वहिनी म्हणाल्या. "परका थोडाच आहे. ऐकेल, आकडा दुरुस्त करेल, आणि बाकीचं पोटात ठेवेल. घरचाच माणूस."

वन्संनी ताट ठेवलं. "तुमचा माणसांवर भारी विश्वास."

"आणि तुमचा?"

"माझा खुर्च्यांवर," वन्सं म्हणाल्या.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच कपाटातली इस्त्रीची साडी काढली, जावयाला "चला" म्हणाल्या आणि त्याला हॉलमध्ये नेलं. वहिनी मागोमाग गेल्या. तिथे सुतार एका खुर्चीची पाठ आवळत होता. वन्संनी काहीएक लपवलं नाही. कोण कुठे बसायचं, कशासाठी बसायचं, किती वर्षं बसले, सगळं खडाखडा सांगितलं. जणू स्वतःच्या बागेतली झाडं दाखवत होत्या.

सुताराला तर भलताच हुरूप आला. "साहेब, माझा निकाल दुकानात लावलाय फ्रेम करून. गिऱ्हाईक विचारतं, हे काय. मी सांगतो, ही माझी हुशारी, परदेशातून तपासून आलीय."

जावई मनापासून हसला. "किती गुण पडले?"

"दर वर्षी वेगळे. नक्षी बदलली की हुशारी बदलते."

जावई आणखी हसला. त्याने खुर्च्यांच्या लोकरीच्या टोप्या वाकून बघितल्या, वन्संना दोन-तीन प्रश्न विचारले, आणि म्हणाला, "हे फार उपयोगी झालं, आत्या. सांगितलंत ते बरं केलंत."

परत येताना नाक्यावर नर्स भेटली. रात्रपाळीहून येत होती, डोळ्यांखाली काळं. "बाई, यंदा केंद्र आहे ना? कोणीतरी काहीतरी म्हणत होतं."

"आहे की," वन्सं म्हणाल्या. "तू वाचतेयस ना? मग ऐकीव गोष्टी कशाला ऐकतेस?"

त्या दुपारी वन्सं दोनदा भाजी मागून जेवल्या आणि मीठ कमी असल्याचं बोलल्याही नाहीत. वहिनींना वाटलं, देव पावला. कधी नव्हे ती त्यांनी खिडकी उघडी राहू दिली.

रविवारी चहाच्या वेळी जावयाने अहवाल आणून टेबलावर ठेवला. "बघा, आई. तुमच्या गावाचाही उल्लेख केलाय." लेक शेजारी बसून बिस्किट कपात बुडवत होती. वहिनींनी चष्मा लावला. त्यांना ती परकी भाषा सिस्टरांनी चांगली शिकवली होती, गणित आलं की खिडकीबाहेर बघायची सवय असली तरी.

तक्ता तसाच होता. देश खालून तिसरा. आकडाही तोच. फक्त पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी वाढल्या होत्या. या देशातल्या एका केंद्रावर खरे नसलेले उमेदवार अनेक वर्षं बसवले गेल्याचं आढळलं आहे. सरासरीवर त्याचा परिणाम नगण्य मानला आहे. केंद्र तातडीने बंद करावं.

वहिनींनी ते मोठ्याने वाचलं. वन्संनी कप खाली ठेवला, आवाज न करता.

"आकडा तोच कसा राहिला?" वहिनींनी विचारलं.

"अशा गोष्टी थोड्याफार सगळीकडे असतात, आई. सरासरीत विरून जातात."

"सगळीकडे असतात, हे तुम्ही बघितलंत?"

"गृहीत धरावं लागतं."

"देशात केंद्रं किती, जावईबापू?" वन्संनी विचारलं.

"दोन."

"त्यातलं एक माझं. म्हणजे निम्मा देश मी बसवला. स्वयंपाकीण बसवली, सुतार बसवला, सख्खा भाऊ झोपवला. आणि तो विरला?"

जावयाने बशी सरळ केली. "आत्या, समजून घ्या. तुमची एक ओळ उघडली, तर मला बाकीच्या सगळ्याच ओळी उघडाव्या लागतील. तिथे कोण बसलं, का बसलं, कुठल्या भाषेत, कोणाला परवडलं. मग तक्ताच राहणार नाही."

"नाही राहिला तर कोण उपाशी मरणार आहे?" वहिनी म्हणाल्या.

"अहवाल उद्या जायचाय, आई."

"बरं. विरलं म्हणता ना? मग केंद्र का बंद?"

"नियम मोडलाय ना."

"म्हणजे आकडा हलवायला आमची लबाडी पुरत नाही, आणि कुलूप घालायला पुरते."

त्याने चहा ढवळला. बोलण्यासारखं नव्हतं म्हणून नाही. त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून. वहिनींना ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि बुद्धीचं मोजमाप करणाऱ्या या माणसाने आपल्यासमोर बसून कधीच काही मोजलं नव्हतं हेही दिसलं. त्याला रांग हवी होती. कोण पुढे, कोण मागे. मागच्यांनी मागे का, असं विचारायचं नव्हतं. दुकानात आंबलेला माल खालच्या फळीवर ठेवतात, तशी त्याने माणसं ठेवली होती. आणि वर त्याचा आवाज गोड.

तेवढ्यात लेक बोलली. वहिनी तिच्याकडे आशेने वळल्या.

"मीही त्याच हॉलमध्ये परीक्षा दिली होती," ती नवऱ्याला म्हणाली. "मागे सुतारकाका होते."

"तू अपवाद आहेस," जावई म्हणाला.

आणि लेक हसली. फार नाही, ओठाच्या एका कोपऱ्यात. शाबासकी मिळाल्यावर लहानपणी हसायची तसं. मग तिने दुसरं बिस्किट घेतलं.

वहिनींनी चष्मा काढून घडी घातली. रडायचं तर देवापुढे, असं सिस्टरांनी शिकवलं होतं. चिडायचं कोणापुढे, ते शिकवलं नव्हतं. "अपवाद," त्या म्हणाल्या. "तुझ्या शेजारी स्वयंपाकीण तीन तास हलली नाही, तुझी तंद्री मोडू नये म्हणून. बापाने घोरायला सुरुवात केली की आत्या पट्टी टोचायची. तो अपवाद नाही गं. त्याला हॉल म्हणतात."

लेक कपात विरघळलेलं बिस्किट चमच्याने काढत राहिली. जावई म्हणाला, "आई, तुम्ही हे मनाला लावून घेऊ नका."

"मग कशाला लावू? भिंतीला? तक्ता तिथे लावा तुमचा."

वन्सं हसल्या. त्या रविवारात कोणी मोकळेपणी हसलं असेल तर तेवढंच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हात दाखवायला सांगितलं होतं वहिनींनी. वन्संनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही. मीठ कमी पडलं तर दिवसभर ऐकवणारी बाई, पण यावर अवाक्षर नाही. ते जास्त टोचत होतं. सोमवारी पाहुणे गेले. गाडी सुटताना लेकीने खिडकीतून हात हलवला, आणि वहिनींनीही हलवला, कारण पोटची पोर होती.

एप्रिलात कंपनीचा माणूस येऊन हॉलच्या कपाटाला सील लावून गेला. वन्संना त्याने सही करायला सांगितली. त्यांनी सही केली, आणि त्याचं पेन वाकडं चालतंय असं त्याला सांगितलं. शाळेने कळवलं की आता हॉलमध्ये एवढ्या खुर्च्या नकोत. बाईंच्या आहेत, बाईंनी न्याव्यात.

एका शनिवारी सुताराने हातगाडी आणली. लाँड्रीवाल्या बहिणी आल्या, स्वयंपाकीण आली, आणि रात्रपाळी संपवून नर्सही आली. जे इतकी वर्षं त्या खुर्च्यांवर बसले त्यांनीच त्या उचलल्या. नर्सने एकटीने दोन उचलल्या, दोन्ही हातांत एकेक.

"राजधानीला जाशील?" वन्संनी तिला विचारलं.

"रजा मिळाली तर."

"मिळेल का?"

"नाही," नर्स म्हणाली, आणि खुर्च्या गाडीवर ठेवल्या.

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सकाळी यायचं बंद करायचं नाही. परीक्षा गेली, भाषा गेली नाही."

"परीक्षाच नाही तर काय करू त्या भाषेचं?"

"शिव्या दे," वन्सं म्हणाल्या. "मी शिकवते."

घराशी आल्यावर प्रश्न पडला, ठेवायच्या कुठे. जिन्याखाली पंप. वन्संच्या खोलीत शिवणयंत्र. वहिनींच्या खोलीत यजमानांचं कपाट. सुतार घाम पुसत उभा राहिला. "बाई, भंगारात घालू का? लाकूड चांगलं आहे, कोणीही घेईल."

वन्संना खुर्च्या फेका असं सांगवतही नव्हतं आणि घरात घ्या असं म्हणवतही नव्हतं. वहिनींनी ते ओळखलं. इतक्या वर्षांच्या विळ्या-भोपळ्याला एकमेकांचं एवढं कळतंच. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पाहुण्यांची खोली उघडली.

"पण इथे पलंग आहे," वन्सं म्हणाल्या. "सुट्टीत येतील ती दोघं."

"हॉटेलं आहेत गावात. चांगली आहेत म्हणतात. इंटरेस्टिंग."

वन्संनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन खोलीची खिडकी लावली, कारण वहिनींना ती बंद हवी असायची.

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं:

शनिवार, २६ एप्रिल. वन्संच्या सगळ्या खुर्च्या पाहुण्यांच्या खोलीत रचल्या. पलंग सुताराला देऊन टाकला. पाय आता करकरत नाही.